धोंडूबाईचा उशीर

रवींद्रला कुणी "काय करतोस?" असं विचारलं की तो "गोडाऊनला आहे" एवढंच सांगतो. ते खोटं नाही. अंजूरच्या रस्त्याला निळ्या पत्र्यांच्या गोडाऊनची जी रांग लागते, तिच्यातल्या एका गाळ्यात तो सकाळी सातच्या शिफ्टला हजर होतो, आलेली खोकी स्कॅन करतो आणि दुपारी तीन वाजता शेलार गावात आपल्या घरी परततो. पण त्याचं खरं काम जाणून घ्यायचं तर त्याच्या बायकोला, बकुळाला गाठावं लागतं. ती सांगते, "आमचे हे गाणी लिहितात. म्हणजे कवी नाहीत हां. गाणी दुसऱ्यांचीच. हे फक्त कागदावर नीट बसवतात." ऐकणाऱ्याला यातलं ओ की ठो कळत नाही, आणि बकुळाला जास्त समजावत बसायचा कंटाळा. तेव्हा इथे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

रवींद्रचे वडील रामदास लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचे मास्तर पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेले, आणि नाकावर माशी बसू न देणारे. पाच रेघांच्या कागदावर उतरवल्याशिवाय ते एकही गाणं वाजवू देत नसत. चौदा माणसांना चौदा वेगळे कागद लागायचे. रवींद्रच्या छातीत लहानपणापासून घरघर. क्लॅरिनेट तोंडाला लावलं की दोन ओळींत तो काळानिळा व्हायचा. बँडमधले म्हणाले, पोराला झांजा द्या. रामदासांनी झांजा दिल्या नाहीत, पेन दिलं. "वाजवू नको, लिही," एवढंच म्हणाले. तेव्हापासून चौदा जणांचे कागद रवींद्रच्या हातचे असायचे. आज वडील नाहीत, बँडही नाही. पण दर चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या तसबिरीनंतर वडिलांच्या फोटोला हार घालताना रवींद्र मनातल्या मनात त्या पेनाबद्दल आभार मानतो. मोठ्याने म्हणायची त्याला लाज वाटते.

पुढे पोटापाण्यासाठी तो पावरलूमवर लागला. तिथे त्याने डॉबीचं काम धरलं. डॉबी म्हणजे लूमच्या डोक्यावरचं एक यंत्र. त्यात लाकडी पट्ट्या फिरतात, पट्ट्यांना खुंट्या ठोकलेल्या असतात, आणि कुठे खुंटी आहे नि कुठे नाही यावर कापडाची नक्षी ठरते. कोणती खुंटी कुठे ठोकायची हे आधी चौकटीच्या कागदावर लिहायचं. रवींद्र ते लिहायचा. त्याचा उस्ताद रोज एकच वाक्य ऐकवायचा, "एक धागा इधर का उधर, तो पूरा थान वापस." रवींद्रने अठरा वर्षं डोळ्यांत तेल घालून धागे पाहिले. चुकलेला धागा दिसला की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. मग कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डॉब्या आल्या, आणि पट्ट्या, खुंट्या नि रवींद्र तिघेही एकाच महिन्यात बाहेर पडले. त्या वेळी अंजूरच्या केसरीनाथ यांनी त्याला गोडाऊनमध्ये चिकटवलं. गोडाऊन ज्या जमिनीवर उभं आहे ती त्यांची, त्यामुळे त्यांच्या शब्दाला तिथे वजन होतं. हा उपकार रवींद्र विसरला नाही.

जुन्या लॅपटॉपवर त्याला गाण्यांचे कागद छापायचं एक सॉफ्टवेअर सापडलं ते गोडाऊनच्या पहिल्या वर्षी. स्वरलिपी छापणारी दुसरीही सॉफ्टवेअरं होती, पण ती विकत घ्यावी लागत, आणि त्यांचं ओझं पाहून लॅपटॉपलाच दम लागायचा. हे मात्र फुकट, आणि दिसायला अगदी गरीब. त्यात चित्र नाही, बटण नाही. नुसती अक्षरं टाइप करायची. स्वराचं अक्षर, पुढे लांबीचा आकडा, वरच्या सप्तकासाठी एक टिंब, खालच्यासाठी दुसरं. सगळं लिहून झालं की हुकूम द्यायचा, आणि पाच रेघांचा छापील कागद तयार होऊन समोर येतो. पाहिल्या पाहिल्या रवींद्रला घरी आल्यासारखं वाटलं. कागदावर लिहायचं आणि यंत्राने विणायचं, हेच तर तो अठरा वर्षं करत होता.

हे सॉफ्टवेअर शंभरातल्या नव्वद गोष्टी स्वतःच नीट मांडतं. उरलेल्या दहांसाठी रवींद्र जगतो. स्वरांवरच्या दोन कमानी एकमेकींना घासल्या, तर त्यातली एक किंचित वर उचलायची. शब्दाचं अक्षर स्वराच्या बरोबर खाली नसेल, तर केसभर डावीकडे सरकवायचं. पान अशा ठिकाणी संपवायचं की वाजवणाऱ्याचा एक हात तेव्हा मोकळा असेल. कल्याणच्या एका शाळेचं, वसईच्या चर्चमधल्या गाणाऱ्यांचं, आसपासच्या दोन-तीन बँडचं असलं काम त्याच्याकडे येतं. बकुळा एकदा म्हणाली, "एवढं कोण बघतंय?"

"कुणीच नाही," रवींद्र म्हणाला. "गाणाऱ्याने कागद बघत बसायचं नसतं. तो अडला की कागद दिसतो."

या वर्षी फाल्गुनात दुपारच्या सुट्टीत तो डबा उघडून बसला होता, तेव्हा केसरीनाथ स्वतः गाळ्यात आले. एवढा मोठा माणूस, पण सरळ खोक्यावरच बसला. मग म्हणाला, "रवी, तुज्याकडं एक काम हाय. हो बोल, मंग सांगतो."

रवींद्र हो म्हणाला.

काम होतं केसरीनाथांच्या आईचं, आनंदीबाईंचं. अंजूर आणि आसपासच्या गावांत आनंदीबाईंना न ओळखणारं घर सापडायचं नाही, कारण त्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला आणि मांडवात जी लांबलचक गाणी म्हणतात ती धवले, आणि ती म्हणणारी ती धवलारीण. त्यांच्या गावची रीत अशी की हळद लागायला सुरुवात झाली की ती संपेपर्यंत धवला तुटता कामा नये. एका बाईचा दम पुरणार किती? म्हणून बायका दोन. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची, आणि झेलणारीचा सूर लागेपर्यंत टाकणारीने आपला सोडायचा नाही. धवला तुटला तर ते नवरीच्या जिवाला चांगलं नाही, असं मानतात. आनंदीबाई टाकायच्या, आणि त्यांच्या गल्लीतल्या धोंडूबाई झेलायच्या. चाळीस वर्षं दोघींनी असं गायलं. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात धोंडूबाई गेल्या, आणि आनंदीबाईंनी त्या दिवसापासून गाण्यापुरतं तोंड मिटलं.

"आता वैशाखात करिष्माची हलद हाय," केसरीनाथ म्हणाले. करिष्मा ही त्यांची मुलगी. "सगल्या गावाच्या पोरींना आयनी हलदी लावल्या, आन स्वताच्या नातीच्या मांडवात ती मुक्यानं बसनार? बाहेरची धवलारीन आनू बोललो, त तीन दिवस जेवली न्हाय. गा बोललो, त बोलते तुटला म्हंजी? माज्या पोरीच्या डोक्यावर तुटला म्हंजी?"

"मग दुसरं कोणी झेलणारं?"

"मृणाली तयार हाय." मृणाली ही केसरीनाथांच्या बहिणीची मुलगी, कोन गावात राहणारी. कल्याणला व्हायोलिन शिकलेली, पाच रेघांचा कागद फडाफडा वाचणारी. "पन तिला शिकवनार कोन? आयला धोंडूबायचा भाग येत न्हाय. चालीस वर्सं ऐकला, पन तोंडानं कवा बोलली न्हाय. बोलाया गेली का तोंड आपल्याच सुरावर जातं. मृणाली बोलली, मामा, कागदावर लिहून आना, मी शिकते. म्हनून आलो."

केसरीनाथांच्या मुलाच्या, दीपेशच्या मोबाईलमध्ये तीन जुन्या हळदींची रेकॉर्डिंग होती. तेवढंच भांडवल. एकात जनरेटर घरघरत होता. दुसऱ्यात कुणी तरी माईक तपासत 'हॅलो, चेक' करत होतं. तिसऱ्यात मोबाईलजवळची बाई भाताला पाणी किती टाकलं यावरून कुणाशी तरी भांडत होती, आणि त्या भांडणामागे, लांबवर, दोन म्हाताऱ्या गात होत्या.

पहिले चार दिवस रवींद्रला ते एकच गाणं वाटलं. मग बकुळाने भाकऱ्या थापता थापता कान दिला. रविवारी विहारात वंदनेला ती पुढे असते, तिला चार जणींत कोण कुठे घसरली ते बरोबर कळतं. ती म्हणाली, "एक जाड आवाजाची आहे ना, ती संपायच्या आतच पातळ आवाजाची सुरू होते. थोडा वेळ दोघी असतात. तिथे तुम्ही एकच लिहिलंय."

रवींद्रने ओळ पुन्हा ऐकली. मग हात जोडले, आणि ते काही नाटक नव्हतं.

त्यानंतर रोज दुपारच्या सुट्टीत, अर्धा डबा खाऊन, तो दोघींना सोडवत बसायचा. कागदावर दोन आवाज मांडले. आनंदीबाईंच्या स्वरांच्या काड्या वर, धोंडूबाईंच्या खाली. जिथे दोघी एकत्र येत तिथे ठिपके एकमेकांवर चढत, ते बाजूला सारले. शब्द कुणाचे कुठे संपतात आणि कुणाचे कुठे सुरू होतात ते दाखवायला खाली बारीक रेघा ओढल्या. तीन आठवड्यांनी अकरा कडवी चार पानांवर आली, आणि इतकी देखणी आली की झेरॉक्सच्या दुकानातल्या पोऱ्यानेही कागद मशीनमधून काढताना दोन बोटांनी काढला.

चैत्रातल्या एका रविवारी दुपारी सगळे अंजूरला केसरीनाथांच्या ओटीवर जमले. मृणालीने आठ दिवस कागद घोटला होता. आनंदीबाई आधी ऐकायलाच तयार नव्हत्या. शेवटी करिष्माने गळ घातली, तेव्हा म्हणाल्या, "ओटीवर तुटला त चालतं. ओटीवर काय नवरी बसली न्हाय." आणि त्यांनी पहिलं कडवं टाकलं. दोन वर्षं न वापरलेला आवाज आधी खरखरला, मग मोकळा झाला. ओळीचा शेवट आला, मृणालीने अगदी वेळेवर झेललं. पुन्हा आनंदीबाई, पुन्हा मृणाली. धवला कुठेही तुटला नाही. केसरीनाथांचा जीव भांड्यात पडला. दीपेश तर टाळी वाजवायच्या बेतात होता.

चौथ्या ओळीनंतर आनंदीबाईंनी हात वर केला.

"कागद कोनी केला?"

"मी, आजी," रवींद्र म्हणाला.

"पोरा, सगला बरोबर हाय. एक अक्षर चुकीचा न्हाय. पन ही धोंडू न्हाय." त्या मृणालीकडे वळल्या. "तू माजा सूर संपायच्या आदी उचलतेस. रस्ता ओलांडताना म्हातारीचा हात धरतात, तसा. मी म्हातारी झाले म्हनून?"

"आजी, कागदावर तसंच आहे," मृणाली म्हणाली.

"मंग कागदालापन मी म्हातारी दिसते." त्या उठल्या. "मी न्हाय गानार. करिष्मा, रागावू नको गो." आणि आत निघून गेल्या.

रवींद्रने चारही पानं गुंडाळली. शेलारला घरी आल्यावर तो बकुळापाशी जे बोलला ते न सांगितलेलं बरं. म्हाताऱ्या माणसांना काही पसंत पडत नाही, तीन आठवडे डबा गार खाल्ला, वगैरे. बकुळाने ऐकून घेतलं. दोन दिवस त्याची फणफण चालली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती फाईलच पुसून टाकावी म्हणून त्याने लॅपटॉप उघडला.

आता या सॉफ्टवेअरची एक गंमत आहे. सगळं अक्षरांत लिहायचं असल्यामुळे मध्येच स्वतःसाठी टिपण लिहून ठेवता येतं. ओळीच्या आधी टक्क्याचं चिन्ह टाकलं की सॉफ्टवेअर ती ओळ वाचत नाही, छापत नाही. रवींद्रला लूमपासून सवय होती, दुरुस्ती केली की बाजूला नोंद करायची. त्याने फाईल वरपासून वाचली. पहिल्या कडव्यात चौथ्या ओळीच्या शेवटी त्याचंच टिपण होतं: 'इथे दुसरी बाई उशिरा आली. ठोक्यावर आणलं.' दुसऱ्या कडव्यात चौथ्या ओळीला: 'पुन्हा उशीर. दुरुस्त केलं.' तिसऱ्यात चौथ्या ओळीला: 'उशीर. दुरुस्त.' पुढे पुढे तर नुसतंच 'दु.' लिहिलं होतं. अकरा कडवी, अकरा वेळा.

डबा तसाच राहिला. त्याने तिन्ही रेकॉर्डिंग लावली. जनरेटरवाल्यात उशीर, माईकवाल्यात उशीर, भातवाल्यात उशीर. प्रत्येक वेळी चौथी ओळ. हात चुकून चुकला तर वेगवेगळ्या जागी चुकतो. तीन मांडवांत, तीन वेगळ्या वर्षांत, एकाच जागी जे चुकतं ती चूक नसते. धोंडूबाई त्या जागी मुद्दाम उशिरा येत होत्या, आणि रवींद्रने त्यांचा उशीर कापडातल्या चुकलेल्या धाग्यासारखा अकरा वेळा निवडून काढला होता. नोंद करून.

त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की आजूबाजूला कुणी नसताना कान धरले.

मग प्रश्न आला, उशीर किती? त्याने मोजला. एकदा पाच ठोके, एकदा सात, एका ठिकाणी चक्क नऊ. कशाचा कशाला मेळ नाही. दोन दिवस त्याने डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी त्याने मोजणं सोडून नुसतं ऐकलं, आणि त्याच्या छातीला ते आधी कळलं, डोक्याला नंतर. आनंदीबाई सूर धरून असायच्या, धरून असायच्या, आणि मग त्यांचा आवाज टोकाला किंचित थरथरायचा. दम संपत आला की आवाज कसा होतो हे रवींद्रला कुणी शिकवायला नको होतं, तो जन्मभर त्या टोकावरच राहिलेला. ती थरथर आली की लगेच, पुढच्याच क्षणाला, धोंडूबाई झेलायच्या. त्याच्या आधी कधी नाही, नंतरही कधी नाही. चाळीस वर्षं ही बाई आपल्या मैत्रिणीला शेवटच्या टिपसापर्यंत गाऊ देत होती.

हे कागदावर कसं आणायचं? त्याने आनंदीबाईंच्या शेवटच्या स्वरापासून एक नागमोडी रेघ काढायचं ठरवलं. रेघ जिथे संपेल तिथेच धोंडूबाईंचा ठिपका. पण सॉफ्टवेअरला वाटायचं, रेघ मात्रांच्या उभ्या दांडीपाशीच संपली पाहिजे. दांडी काढून टाकली, तरी रेघ आपली अलीकडेच थांबायची. रवींद्रने हात टेकले, आणि ते सॉफ्टवेअर वापरणारी जगभरातली माणसं जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात तिथे आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. आपल्याला कोण विचारतंय, असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर होतं. कुठल्या देशातला, बाई की बुवा, काही कळायला मार्ग नाही, पण त्या माणसाने आठ ओळी लिहून पाठवल्या होत्या. त्या टाकल्या आणि रेघ पुढे सरकली. त्याच्याही दुसऱ्या दिवशी, न विचारताच, त्याच माणसाचं आणखी एक पत्र. कालच्या उत्तरात गाण्याची ओळ मध्येच मोडून खाली गेली तर रेघ बिघडेल असं नंतर लक्षात आलं, म्हणून हे सुधारलेलं. रवींद्रने ते पत्र बकुळाला मराठीत करून वाचून दाखवलं. म्हणाला, "बघ, ह्याला मी दिसलोही नाही, आणि ह्याला रात्रभर माझी रेघ खटकत होती." त्या माणसाला त्याने दोनच शब्द उलट पाठवले, कारण आभाराचं इंग्रजी त्याला तेवढंच येत होतं.

तरी शेवटचं उरलंच. रेघ आणि ठिपका यांच्यात फट राहिली तर मृणाली थांबेल आणि धवला तुटेल. रेघ ठिपक्यावर चढली तर ती आधी घेईल, आणि म्हातारीचा पुन्हा हात धरल्यासारखं होईल. रेघ ठिपक्याला टेकली पाहिजे, बस. रेघेची लांबी तो केसाकेसाने बदलत राहिला: शून्य पॉइंट तीन, शून्य पॉइंट दोन, शून्य पॉइंट दोन पाच. अकरा जागा, प्रत्येक जागेचं माप निराळं. झेरॉक्सवाल्याने विचारलं, काका, कालच्यात आणि आजच्यात फरक काय? रवींद्रने दाखवला. त्याला दिसला नाही.

मृणालीला मात्र पहिल्या नजरेत दिसला. "रवीकाका, ही रेघ किती मोजायची?"

"मोजायची नाही. आजीचा आवाज या रेघेसारखा थरथरला की घ्यायचं."

"आणि नाही जमलं तर?"

रवींद्रने दीपेशकडची तिन्ही रेकॉर्डिंग तिच्या मोबाईलवर पाठवली. तो म्हणाला, "रेकॉर्डिंग ऐक. धोंडूबाई कशी वाट बघते ते ऐक." ती कोनला गेली आणि महिनाभर भातावरून भांडणाऱ्या बाईच्या मागे कान लावून बसली. आजीला पुन्हा विचारायची हिंमत कुणी केली नाही.

करिष्माच्या हळदीला रवींद्र आणि बकुळा दोघेही गेले. मांडव केवढा तरी, चारही कोपऱ्यांत मोठे पंखे, बाजूला बेंजोवाले तारा जुळवत बसलेले. करिष्मा पाटावर बसली. आनंदीबाई नवी हिरवी साडी नेसून तिच्या मागे खुर्चीत, ओठ घट्ट मिटून. मृणाली कागद मांडीवर घेऊन त्यांच्या डाव्या हाताला बसली. तिथे नेहमी कोण बसायचं हे सगळ्या बायकांना माहीत होतं. केसरीनाथांनी माईक आईसमोर आणून ठेवला आणि ते खांबाआड जाऊन उभे राहिले.

हळदीची वाटी आली. बायका थांबल्या. पहिलं बोट कुणी लावायचं?

करिष्मा मागे वळली. "आजी, तुटला तर माझ्या डोक्यावर तुटू दे. पण दुसऱ्या कुणाच्या गाण्यावर मी हळद लावून घेणार नाही. आणि गाण्याशिवाय पण नाही."

आनंदीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग वाटीत बोट बुडवलं, नातीच्या गालाला लावलं, आणि धवला टाकला.

पहिली ओळ गेली. दुसरी, तिसरी गेली. मृणालीने जिथे वेळेवर झेलायचं तिथे वेळेवर झेललं. रवींद्रला पुढचं ठाऊक होतं, त्याने बकुळाचा हात धरला होता आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. चौथी ओळ. आनंदीबाईंनी शेवटचं अक्षर धरलं. पाच ठोके झाले. मृणाली आली नाही. सहा. आनंदीबाईंची नजर डावीकडे गेली. सात. बायकांचे हळदीचे हात जागच्या जागी थांबले. केसरीनाथांनी खांबाला डोकं टेकलं. आठ. म्हातारीच्या मानेच्या शिरा वर आल्या, डोळे मोठे झाले, आणि आवाजाच्या टोकाला ती बारीक थरथर आली.

मृणालीने झेललं.

धवला तुटला नाही. सूर मृणालीच्या गळ्यात लांबत राहिला, हात पुन्हा चालू लागले, आणि तेवढ्या वेळात आनंदीबाईंनी पोटभर श्वास घेतला. मृणालीचा आवाज पातळ, उंच, आणि धोंडूबाईंसारखाच वाट बघून आलेला. त्यांनी डावीकडे पाहिलंही नाही. नुसतं कोपर मारलं आणि रागाने पुटपुटल्या. त्यांना वाटलं आपण हळू पुटपुटतोय, पण समोर माईक चालू होता, आणि साऱ्या मांडवाने ऐकलं.

"धोंडे, मेले, जीव घेतेस काय माजा?"

मांडवात कुणी हसलं नाही. नाव चुकलं असं कुणी म्हणालं नाही. मृणालीचे डोळे भरून वाहू लागले, तरी तिने सूर सोडला नाही. केसरीनाथ खांबाआडून पुढे आले, आणि त्यांनी रवींद्रचे दोन्ही हात घट्ट धरले. म्हणाले, "दोन वर्सं झाली रवी, आयनी कोनाला शिवी घातली न्हवती."

जिला कधी पाहिलंही नव्हतं त्या धोंडूबाईचे रवींद्रने मनापासून आभार मानले.

आनंदीबाईंनी पदराने तोंड पुसलं, मृणालीकडून दुसरं कडवं हाती घेतलं, आणि त्याच्या चौथ्या ओळीचा शेवट पहिल्यापेक्षाही लांब ओढला.